भोईरदादांचा शुक्रवारचा छाप

आनंदानं ओरडायचं, पण कुजबुजत, ही विद्या मी फक्त शेजारच्या भोईरदादांकडं पाहिली. "मास्तर! आरं मास्तर, लवकर या, निंघाला!" हे सगळं ते माझ्या दाराच्या फटीतून, डोळे विस्फारून, हात नाचवत आणि अजिबात आवाज न करता म्हणायचे. एरवी आठवडाभर याच माणसानं धामणकर नाक्यावरून हाक मारली तर कामतघरला ऐकू येईल, असा त्यांचा कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कमावलेला गळा होता.

कुजबुजीचं कारण सोपं होतं. दादांची दिवसपाळी, आणि त्यांच्या जनीवहिनी एका दवाखान्यात रातपाळीच्या आया. दादांचे लूम शुक्रवारी बंद, वहिनींना सुट्टी रविवारी. म्हणजे दादा घरी असत त्या दिवशी वहिनी झोपलेल्या असत, आणि अख्खी चाळ दादांच्या धाकानं दबकत चाले.

रॉकेल रेशनवर मिळायचं, ते सत्तर सालानंतरचे दिवस. दादांचं काम कापडाच्या ताग्यांवर मार्का मारण्याचं. दिवसभर तोच शिक्का, तीच शाई. एकदा घरी आणलेली शाई तसबिरीच्या सुट्या काचेवर सांडली. टिपायला कागद टाकला, उचलला, तर कागदावर झाड! म्हणजे दादांच्या मते झाड. मला डाग दिसला. दुसरा कागद ठेवला तर नुसता धूर उमटला. झालं, दादा त्या दिवशी कामातून गेले.

"एकच हाय, दुसरा न्हाय!" हे तेव्हापासून सुरू झालं. छापाला तर म्हणायचेच, पण बोंबलाच्या कालवणाला, नव्या चपलेला, एकदा तर आमच्या घरमालकालाही म्हणाले. घरमालक खूश झाला.

शाई पसरायला लाटणं हवं. दादांकडं तांदळाची भाकरी थापायची, लाटणं कुठून असणार? आमचं नेलं, त्यावर सायकलची ट्यूब चढवली आणि काम झाल्यावर ती काढून परत आणून दिलं. त्या आठवड्यात आमच्या पोळ्यांवर काळे चट्टे आले आणि बायको माझ्याशी बोलेना. शाई पातळ करायला रॉकेलही आमचंच.

पण त्यांना खरं काढायचं होतं ते वेगळंच. "हिचा एक नीट निंघाला पायजे, मास्तर. फोटो काय तो लग्नातला, त्यात मुंडावल्यांनी तोंड झाकलंय." काचेवर शाईचा थर द्यायचा, काडीनं त्यात चेहरा ओरखडायचा, कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं. पहिला छाप निघाला, तर नाकातली चमकी भलत्याच बाजूला. काचेवरचं सगळं कागदावर उलटं येतं हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. "आरं, ही कोनाची बायको?" दादा कुजबुजत किंचाळले.

मग शुक्रवारमागून शुक्रवार गेले. कधी नाक पसरलं, कधी हनुवटी वाहून गेली. आणि एकदा खरंच निघाला! चमकी जागेवर, कपाळावरचं गोंदण जागेवर. मी आनंदानं ओरडलोच आणि वहिनी जाग्या झाल्या.

त्यांनी छाप हातात घेतला. "आवो, मी मेले का काय? डोलं मिटल्यालं!"

आम्ही हसलो. दादा हसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "मना तू आशीच दिसतंस. उघड्या डोल्यांची ध्यानात येत न्हाय."

मला एकदम फार वाईट वाटलं.

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यातून आल्यावर त्यांनी तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि चटईवर दादांसमोर येऊन बसल्या. "काढा. आज मी झोपत न्हाय."

दादांनी उत्साहानं शाई फिरवली, काडी उचलली, वर पाहिलं. आणि पाहतच राहिले. काडी हवेतच.

"दादा, शाई सुकेल," मी म्हणालो. त्यांना ऐकूच आलं नाही. शेवटी भानावर येऊन त्यांनी घाईघाईनं चार रेघा ओढल्या, कागद ठेवला, पळीनं घासघास घासला. उचलला, तर कोरा. शाई केव्हाच वाळली होती.

दादांनी तो कोरा कागद उजेडाला धरला आणि खुशीनं मान डोलावली. "ब्येस आलाय," ते म्हणाले.

वहिनी कागदाकडं बघतच नव्हत्या. त्या दादांकडं बघत होत्या.