यादवसाहेबांची चिरंजीव सही

विश्वास एकदाच टाकायचा असतो. पुन्हा पुन्हा तपासला, की लोक त्याला संशय म्हणतात. दिंडोरीचा एक द्राक्ष बागाईतदार संघ याच उदात्त तत्त्वावर चालतो, हे तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर तरन्नुम हिला जरा उशिराच कळलं.

संघाचे सचिव यादवसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली आणि ज्याच्या हाती असेल त्याला त्यांची डिजिटल सही करता येईल, असा पेनड्राइव्हसारखा डोंगल हरवला. (कुणाला सापडला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.) तरन्नुमनं रीतसर अर्ज करून ती सही रद्द करवली. तरीही 'द्राक्षांत फवारणीच्या घातक औषधाचा अंश नाही' अशा निर्यातीच्या दाखल्यांवर यादवसाहेबांच्या सह्या उमटतच राहिल्या, आणि सॉफ्टवेअर त्या वैध ठरवत राहिलं. प्रत्येक दाखल्याच्या तळाशी छापलेलं असे, 'तपासनीस: तरन्नुम'. नोकरी जायची ती तिचीच.

तिनं सॉफ्टवेअरवाल्या मुबीनला फोन लावला.

"रद्द सह्यांची यादी बघतं ना आपलं सॉफ्टवेअर?"

"बघतं की ताई. बसवलं तेव्हा बघितली."

"त्याला चार वर्षं झाली."

"दरवेळी बघायला गेलं तर सिस्टिम स्लो होते. मग बागाईतदार आम्हालाच शिव्या घालतात."

अध्यक्ष जयरामभाऊ तर दुखावलेच. "यादवसाहेबांची सही परत तपासायची? जेवायला आलेल्या व्याह्याकडे आधार कार्ड मागतो का आपण?" सभेनं आकडेवारी मंजूर केली: एकूण दाखले ४१२, वैध ४१२, अवैध शून्य (अवैध शोधायची सोय नसल्यानं).

परदेशातल्या बंदरावर मात्र गिऱ्हाइकाच्या माणसानं रद्द सह्यांची ताजी यादी उघडली. तिकडे माणसांना रीतभात कमीच. मग त्यानं द्राक्षंही तपासली, औषध निघालं, कंटेनर परत आला.

संघानं तासाभरात चौकशी आटोपली. दोषी तरन्नुम. तिला कामावरून कमी केल्याच्या पत्राखाली यादवसाहेबांची सही होती. ती रद्द झालेली आहे, असं तिनं लेखी कळवलं. उत्तर आलं, 'सॉफ्टवेअरनुसार वैध.' तिला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग तिनं डबा उचलून घरची बस पकडली.

माल वाया घालवणं संघाच्या संस्कारांत बसत नाही. म्हणून ती द्राक्षं 'एक्सपोर्ट क्वालिटी' अशी पाटी लावून नाशकात हातगाड्यांवर आली. परवा तुम्हीही थांबलात. एक मणी तोंडात टाकलात, गोड लागला, आणि दोन किलो बांधून घेतलीत.