घरतकाकांची राखणविद्या

घरतकाका कल्पित दारावरसुद्धा टकटक करतात. दार राक्षसाच्या गुहेचं असो की जळक्या मनोऱ्याचं, आधी आमच्या खेळाच्या टेबलावर बोटांनी वाजवणार, कान देणार आणि मग विचारणार, "बिजागऱ्या कोणत्या बाजूला हायत?"

गुहेला बिजागऱ्या नसतात, असं सांगून उपयोग नसतो. "मग दार कशाला म्हणतोस तिला?" हा पुढचा प्रश्न तयार असतो.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. माझा आतेभाऊ रोहन नवीन पनवेलला राहतो. रविवारी दुपारी आम्ही त्याच्या हॉलमध्ये जमतो. रोहन गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. आपली वेळ आली की आपण काय करतो ते सांगायचं आणि फासे टाकायचे. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. रोहनचा मित्र तन्वीर कुऱ्हाडवाला योद्धा आहे. मी, ऋचा, चोरटी आहे. अंधारात चालते, फारसं बोलत नाही. त्यामुळे मला अभिनय असा करावा लागत नाही.

काका खालच्या मजल्यावर राहतात, एकटेच. मूळचे जासईचे, नोकरीही तिथल्याच कंटेनर यार्डात. एका रविवारी ते 'आवाज कमी करा' म्हणायला वर आले. तेव्हा तन्वीर मोठमोठ्याने एक पेटारा फोडत होता. काका दारातच थबकले.

"सील न बघताच फोडतोस? माल कमी निघाला तर कोणाला धरायचं?"

रोहनने त्यांना खुर्ची दिली. तेव्हापासून ती त्यांचीच आहे.

यार्डात कंटेनर उघडण्याआधी त्याचं सील आणि पत्र्यावरचे पोचे तपासणं हे काकांचं काम. खेळातही तेच. एकदा खजिन्याच्या पेटीला कुठे कुठे पोचे आहेत हे ते इतका वेळ विचारत राहिले, की पेटीचा मालक असलेला राक्षस जागा झाला, त्याने आम्हाला पाहिलं आणि पेटी उचलून तो निघूनही गेला. "जाऊ दे," काका समाधानाने म्हणाले, "तपासणी तर पुरी झाली."

काकांनी जादूगार व्हायचं ठरवलं, तेव्हा रोहनने नियम सांगितला. एकाच विद्येत पारंगत व्हायचं तर आग, वीज, वादळ या बाकीच्या विद्या कायमच्या सोडाव्या लागतात. काकांनी राखणविद्या घेतली. आपल्या माणसांना जपण्याचे मंत्र, तेवढेच. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मी त्यांना वाचून दाखवायची आणि ते प्रत्येक मंत्राचं बारसं करायचे. अंगाभोवती कवच उभं करणारा मंत्र 'ताडपत्री' झाला, दार बंद करणारा 'अडसर'.

पंचाईत पुढे झाली. जसजसे आम्ही खेळात वरच्या पायऱ्या चढलो, तसतशी तन्वीरला नवी शस्त्रं मिळत गेली. काकांच्या विद्येत मात्र घेण्यासारखं काही उरलंच नाही. पुस्तकातले राखणीचे मंत्र संपले.

"काका, विद्या बदला," तन्वीर म्हणाला. "आगीचा एक गोळा घ्या. एकदा फेकला की खलास."

"आग लावायला काय डोकं लागतं?"

शेवटी रोहनने तोडगा काढला. काकांनी स्वतः मंत्र रचावा. तो राखणीचाच असावा, त्याने कोणाला इजा होऊ नये आणि त्याची काहीतरी किंमत जादूगाराने मोजावी. पण गोष्ट आता ज्या किल्ल्याकडे निघाली होती, त्याच्या दरवाजापर्यंत एक तरी कामाचा मंत्र हवा. नाहीतर हा जादूगार सोडायचा आणि दुसरं पात्र घ्यायचं.

"सोडायचा?" काकांचा चेहरा उतरला. "माणूस हाय तो, रोहन."

पुढच्या रविवारी काका पहिला मंत्र घेऊन आले. दाराला जादूचं सील. कोणी दार उघडलं की त्यांना लगेच कळणार.

"आणि तो माणूस थांबणार?" रोहनने विचारलं.

"नाय. सील कोणाला थांबवत नाय. कोणी येऊन गेलं, ते सांगतं."

"भारी," तन्वीर म्हणाला. "म्हणजे आपण मेलो की आपल्याला व्यवस्थित कळेल."

दुसरा मंत्र 'बंद कंटेनर'. त्यातून बाण आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. "मग आत बसून काय, पत्ते खेळायचे?" तन्वीरने विचारलं. काकांनी खरंच विचार केला. "किल्ल्यापेक्षा बरं," ते म्हणाले. तोही मंत्र बाद.

किल्ल्याच्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"मंत्राचं नाव 'जागा राखणे'," ते म्हणाले. "आपल्यातला एक जण निवडायचा. त्याने काय करायचं ते सांगेपर्यंत कोणी हलायचं नाय. राक्षसाने नाय, आपणही नाय. जादूगाराने तेवढा वेळ उघड्यावर उभं राहायचं. ताडपत्रीसुद्धा काढून."

"यात राखण कसली?" तन्वीर म्हणाला.

"सगळे बोलून घेतात. एखादं माणूस राहून जातं. त्याला नको राखायला?"

रोहनने पुस्तक उघडलं, मिटलं. "मंजूर," तो म्हणाला.

दरवाजासमोरच्या पुलावर दगडी राक्षस उभा होता. तन्वीर फासे खुळखुळवत उठला, पण काकांनी हात वर केला. "मंत्र टाकतो. ऋचावर."

सगळे माझ्याकडे वळले. एरवी रोहन "ऋचा?" म्हणतो, क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. आज त्याला जाता येत नव्हतं. माझे कान गरम झाले. कोणी घाई केली नाही. मग मी सांगितलं, की राक्षस खंदकावरच्या लाकडी पुलावर उभा आहे, आणि इतका दगड त्या लाकडाला पेलणार नाही. मी पुलाखाली जाऊन दोर कापते.

मी फासे टाकले. पूल कोसळला. पडता पडता राक्षसाने काकांच्या जादूगाराला हाणलंच. तो जेमतेम जिवंत राहिला.

तन्वीरने हातातले फासे टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "काका, आग राहू द्या."

सगळं आवरताना मी काकांना विचारलं, हा मंत्र सुचला कसा?

फासे डबीत भरत ते म्हणाले, "आमची मंडळी तुझ्यासारखीच होती. दहा शब्दांत दिवस काढायची. आणि मी यार्डातून आलो की बोलत सुटायचो. हा कंटेनर, तो ड्रायव्हर. मला वाटायचं, तिला काय सांगण्यासारखं नाय." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "असेल ना. मी थांबलोच नाय कधी."

ते उठले, दारापाशी चपलांत पाय घातले. मग वळून म्हणाले, "पोरी, तुला अजून काय बोलायचं हाय?"

एरवी मी 'नाही' म्हटलं असतं.

"हो," मी म्हटलं.

काकांनी चपला काढल्या आणि परत येऊन बसले.