पायतान भाईर!

आमच्या निमगाव सावात सखारामतात्यांकडे गेलात, तर ते आधी तुमच्या पायांकडे बघतील, मग तोंडाकडे. आणि 'या' म्हणायच्या आधी म्हणतील, "पायतान भाईर!" मग तो मीटर बघणारा असो नाहीतर घरचा जावई. एकदा त्यांच्या घरात साप निघाला. मी शेजारी, काठी घेऊन धावलो, तर तात्यांनी दारातच अडवलं. "आधी पायतान भाईर, राव!" अनवाणी पायांनी मी साप शोधला.

कारण एकच, देव्हारा स्वयंपाकघरात. देवापुढं चप्पल म्हटलं की तात्यांना घाम फुटायचा. तसा त्यांना घाम फुटायला काहीही पुरतं. ढग आला की द्राक्षांची काळजी, गेला की विहिरीची.

गेल्या वर्षी मात्र काळजीला खरं कारण मिळालं. सिंधूकाकूंचे, म्हणजे तात्यांच्या मंडळींचे, पाय संधिवातानं धरले. बोटं वाकडी झाली. सकाळी फरशीवर पाय टेकवला की त्या भिंत धरून चालायच्या आणि तात्या मोरीतून ओरडायचे, "पडशील गं!"

मी दोघांना गाडीतून नारायणगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा, पण घरातसुद्धा अनवाणी चालू नका. पुढून रुंद, आतून मऊ, टाच नीट धरणारे, न घसरणारे बूट घ्या. नाडी नको, पट्टा हवा. आणि माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय सुजलेले असतात."

"घरात म्हंजी पडवीपर्यंतच ना?" तात्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

संध्याकाळी बूट घेतले. काकू दुकानभर काही न धरता चालल्या. तात्या मागोमाग, हात पसरून. मला फार बरं वाटलं.

घरी आलो. काकूंनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पायतान भाईर!"

काकूंनी मुकाट्यानं पट्टा सोडला. त्यानंतर बूट पडवीतल्या खोक्यातच पडून राहिले. तात्यांनी हात जोडले, तरी काकूंचं एकच, "नको वो, देवाला चालायचं न्हाई." शेवटी एका सकाळी त्या चुलीजवळ घसरल्या. हाड मोडलं नाही, पण तात्या दिवसभर त्यांच्याजवळून हलले नाहीत.

चार दिवसांनी मी विचारपूस करायला गेलो. दारात चप्पल काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. घालूनच या!"

पडवीत बघतो तर चपलांच्या जागी धुतलेली फरशी, तिच्यावर चौरंग आणि चौरंगावर देव्हारा. तात्यांच्या स्वतःच्या पायांतही काकूंसारखेच पट्ट्याचे बूट.

"ती लाजती वो," ते हळूच म्हणाले. "म्हनली, समदे अनवानी अन् मीच तेवढी बूट घालून? म्हनून आता समद्यांनीच घालायचं."

"आणि देव?"

"देवांचं पाय दुखत न्हाईत. ते ऱ्हातील भाईर."

त्या घरात चप्पल घालून शिरताना मला अगदी चोरट्यासारखं झालं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांत कप, भिंत धरायला हात मोकळाच नव्हता. आणि मागं तात्या, हात पसरून.