डांगराला टोपडं घालणारा जालू

जालिंदर पहिल्यांदा बाप म्हणून गावात हिंडला तेव्हा त्याच्या छातीशी बांधलेलं मूल म्हणजे एक डांगर होतं. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. डांगराला त्याने पिवळं टोपडं घातलं होतं, नाडी देठाखाली नीट बांधली होती, आणि देवळाली प्रवरेच्या भर आठवडे बाजारातून तो छाती पुढे काढून चालला होता. मेथीवाल्या म्हातारीने कौतुकाने हात पुढे केला. "बघू तरी, कुनावर गेलंय," म्हणत तिने टोपडं सरकवलं आणि "आगं बया!" करून मेथीच्या जुड्यांवर बसली.

"आज्यावर गेलंय," जालू म्हणाला आणि न थांबता पुढे गेला.

न थांबता हे महत्त्वाचं. जालू थांबत नाही. त्याचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून. मी पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायचं दुकान चालवते, आणि तो वेशीजवळच्या गाळ्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करून देतो. चहा तो उभ्याने पितो. जेवता जेवता मीठ आणायला उठतो, मीठ ताटात असताना. कीर्तनाला गेला तर बुवांपेक्षा जास्त तोच हलतो. "बसलं का गंज धरतो, आक्का," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझ्या मशीनपाशी उभा राहून बोलू लागला की माझी दोऱ्याची रिळं एका हाताने रंगांप्रमाणे लावतो आणि दुसऱ्या हाताने विसकटतो. माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही. मापाची टेप दुमडून मी त्याच्या मनगटावर किती वेळा ओढली असेल. तो हात चोळतो आणि दुसऱ्या खणात घालतो.

त्याचं दुसरं वाक्य धंद्यातलं. "ट्रायल घेतल्याबिगर लाईन द्यायची न्हाई." मोटार कितीही घाईची असो, शेतकरी दारात कितीही बोंबलो, जालू ती आधी गाळ्यात फिरवून बघणार, कान लावून ऐकणार, मगच सोडणार. धंद्यात हे शोभतं. पण लग्नाला बरीच वर्षं होऊन, दवाखाने आणि नवस दोन्ही थकल्यावर सविताला दिवस गेले, तेव्हा या गड्याने बाप होण्याचीसुद्धा ट्रायल घ्यायला काढली.

मोबाईलवर कुठेतरी बघून त्याने ते बेबी कॅरियर मागवलं. मऊ कापडाचं, खांद्याला रुंद पट्टे, कमरेला पट्टा, मूल आपल्या छातीशी बसतं ते. आमच्या बोलण्यात त्याचा नुसता पट्टा झाला. सविता तेव्हा सातव्यात होती. पुडकं फोडायला तो माझ्याकडेच आला, कारण शिवण तपासायची होती. मी ते उलटंपालटं करून बघितलं. शिवण माझ्याइतकी नव्हती, पण बरी होती. आत एक चित्रांचा कागद होता. त्यावर एक गोरा माणूस पोराला बांधून बर्फाच्या डोंगरात हसत उभा होता.

जालूने तो कागद फार वेळ बघितला. "आक्का, ह्याचा बाप कुठंय?"

"कोणाचा?"

"ह्या गड्याचा. बाप जवळपास हाय का एकटाच आलाय डोंगरात, ते दिसंना चित्रात."

मी हसले. पण त्याची खरी अडचण तीच होती, ते मला माहीत होतं. ती पुढे सांगते. आधी गूळ.

पहिली ट्रायल त्याने गुळाच्या लहान ढेपेची घेतली. वजन बाळाएवढं, आकार गोल, आणि आपल्या भागात गूळ कुठेही मिळतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो ढेप छातीशी बांधून गावाबाहेर रानाच्या वाटेने कालव्यापर्यंत गेला आणि आला. येईपर्यंत गुळाला पाझर फुटला होता, पट्टा सदऱ्याला चिकटला होता, सदरा अंगाला, आणि त्याच्या मागोमाग मुंग्या ओट्यावर चढत होत्या. सविताने पट्टा तीनदा धुतला तरी त्याला गुऱ्हाळाचा वास येत राहिला. मग डांगर आलं. मग माझी मांजर. मांजरीने त्याच्या हनुवटीवर जी खूण केली ती अजून आहे.

आता अडचण. आपल्याकडे जुन्या घरांत एक रीत होती, काही घरांत अजून आहे. आपल्या बापासमोर आपलं पोर उचलायचं नाही. बाप बसलेला असताना तरण्या माणसाने स्वतःचं मूल कडेवर घेणं म्हणजे निर्लज्जपणा. भावाचं घ्या, शेजाऱ्याचं घ्या, आपलं नाही. पोर पायाशी पडून रडलं तरी दुसऱ्या कोणी येऊन उचलेपर्यंत तिकडे बघायचं नाही. जालूचे वडील तात्या ही रीत देवासारखी पाळत आले होते. तात्यांचे गुडघे गेलेले. सकाळी ते ओट्यावर येऊन बसतात ते दिवे लागेपर्यंत. आणि जालूच्या घराला दार एकच, ओट्यावरचं.

पट्टा पाहून तात्या एवढंच म्हणाले होते, "ऊसतोडीच्या बाया पोरं झोळीत घालून फडात जात्यात. बाया. बापयाचं काम न्हाई ते. आन् आमी म्हातारी मानसं म्होरं बसल्याव तर न्हाईच न्हाई."

तात्यांना उलट उत्तर जालू कधीच देत नाही. तो माझ्याकडे आला आणि रिळांच्या खणात हात घालून म्हणाला, "आक्का, मला फकस्त एक पायजे. पोराला घेऊन आपल्या दारातनं निघायचं आन् वेशीपतोर जायचं. दिवसाढवळ्या. तात्यांच्या म्होरनं."

"एवढंच ना? सविता कोपऱ्यापर्यंत आणून देईल, तिथं तू घे."

"पोर हाय का चोरीचा माल?" तो म्हणाला, आणि खण आपटून गेला.

सविता बाळंतपणाला माहेरी, श्रीगोंद्याला गेली आणि माझ्या डोक्याला खरा ताप सुरू झाला. मुलगी झाली. पेढे वाटताना जालूने एकाच घरात दोनदा पेढे दिले आणि तिसऱ्या घरी डबा रिकामा म्हणून परत गेला. जाऊन बाळ पाहून आला. पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मान धरल्याशिवाय पट्ट्यात घालायचं नाही. झालं. त्या दिवसापासून त्याचा एकच प्रश्न. सकाळी फोन लावायचा, "मान धरली का?" दुपारी मोटारीला वार्निश मारता मारता, "मान धरली का?" एकदा फोन सासूबाईंनी उचलला. "जावयबापू, पोरगी हाय ती, लायटीचा खांब न्हाई. उभी करायला येळ लागतो." हे त्यानेच मला हसत सांगितलं, आणि सांगतानासुद्धा माझ्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता. त्याचं चालणं बघून माझीच शिवण वाकडी जायची. चोळीला बाही उलटी लागली एक दिवस, आणि मी भडकले.

"अरे, एवढं काय पेटलंय तुझ्या पायाखाली? जगात पहिलाच बाप झालास का?"

तो थांबला नाही, पण हळू झाला. "आक्का, मी ल्हान हुतो तवा मला कुनी कुनी घेतलं हुतं?"

जालूची आई तो तान्हा असतानाच गेली. तेव्हा मी या गल्लीतली लग्नाची पोर होते. मी सांगितलं, "माझ्या आईने घेतलं. गिरणीवाल्या मावशीने. मी तर घेऊन घेऊन कंबर मोडून घेतली. पाणी भरायला जाताना तू एका कडेवर, घागर दुसऱ्या."

"आन् तात्यांनी?"

मी सुईत दोरा ओवू लागले. दोरा ओवलेलाच होता. "तुझा आजा होता ना रे तेव्हा ओट्यावर," मी म्हणाले.

"व्हय," म्हणाला आणि गेला. मला त्या दिवशी काही शिवता आलं नाही. वाईट वाटलं, आणि कोणाचा राग करावा तेही कळेना.

चैत्रात सविता मुलीला घेऊन आली. मुलीने मान धरली होती, नुसती धरली नव्हती तर सगळीकडे वळवून बघत होती. जालूने तिला पट्ट्यात घातलं आणि हिंडू लागला, पण घरातल्या घरात. चूल ते कपाट, कपाट ते चूल. भिंतीपलीकडून त्याच्या फेऱ्या मला ऐकू यायच्या. सविता म्हणायची, "आक्का, आमची फरशी झिजली वो. घाण्याचा बैल तरी बरा, त्यो दमतो." तात्या ओट्यावर दाराकडे पाठ करून बसलेले. नातीला ते घ्यायचे, आज्याला मुभा असते. पण जालू दारात आला की ते घसा खाकरायचे, आणि तो पट्टा सोडून मुलीला सविताकडे द्यायचा.

मग ती सकाळ आली. आदल्या दिवशी मुलीला लस टोचून आणली होती. रात्रभर अंगात कणकण, आणि दिवस वर आला तशी लाईट गेली. पत्र्याचं घर, आत नुसती भट्टी. मुलगी रडून रडून लाल झालेली. सविताने घेतलं, मी घेतलं, तात्यांनी मांडीवर घेतलं, कोणाकडे राहीना. जालूने पट्ट्यात घातलं तर चार फेऱ्या गप्प, पण उकाड्याने पुन्हा सूर. बाहेर निंबाखाली वारा होता. बाहेर सावली होती.

मी मशीन थांबवलं. जालू मुलीला बांधून दारात आला होता. एक पाय उंबऱ्यावर. तात्या ओट्यावर, समोर बघत. त्यांनी खाकरलं. जालू मागे सरला नाही.

"तात्या," तो म्हणाला. पुढचं मुलगीच बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

तात्यांनी काठी ओढली. ओट्यावरून उतरायला त्यांना रोज कोणाचा तरी हात लागतो. त्या दिवशी ते एकटे उतरले, एक पायरी, मग थांबून दुसरी. मला वाटलं, आता काठी उगारतात. ते माझ्या दुकानाकडे आले.

"आक्का, बसाया दे."

मी स्टूल दिलं. ते त्यांनी फिरवलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसले. माझ्या दुकानात असं कोणी बसत नाही, कारण बघण्यासारखं जे काही आहे ते रस्त्यावर आहे.

"तात्या, असं उलटं का बसलात?"

"ऊन लागतं डोळ्याला," ते म्हणाले. दुकानावर सावली होती. मग त्यांनी मोठ्याने खाकरलं. म्हातारी माणसं आत येताना खाकरतात. हे खाकरणं आपण आता ओट्यावर नाही, हे सांगणारं होतं.

जालूला कळलं. तो उतरला. पोरगी दहा-बारा पावलांत हुंदक्यांवर आली आणि निंबाखाली गेल्यावर गप्प झाली. एरवी घाईत ज्याची चप्पल मागे राहायची तो माणूस भरली घागर डोक्यावर असल्यासारखा चालत होता. गिरणीवाली दारात आली आणि सविता ओट्यावर उभी राहून डोळे पुसू लागली.

"टोपडं सरकलंय तिचं," तात्या म्हणाले. "वरड त्याला."

"जालू, टोपडं!" मी ओरडले. त्याने सारखं केलं.

"आता गिरनीच्या म्होरं गेला. दिसंना झाला."

"दिसंना म्हणजे? तुम्ही तर पाठ करून—" आणि मग मी ते बघत होते तिकडे बघितलं. समोरच्या भिंतीला गिऱ्हाइकांसाठी लावलेला मोठा आरसा आहे. त्यात अख्खी गल्ली मावते.

"तात्या!"

"तू शीव की. तुजं काम कर."

मी मशीनवर पाय ठेवला, पण चालवलं नाही. आरशावरची नजर न काढता ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "जालूची आई गेली तवा ह्यो असाच रडायचा. मी दारात हुबा ऱ्हायचो, आतल्या अंगाला. आमचं म्हातारं वट्याव बसल्यालं. लई वाट बघितली म्या. उठलं न्हाई ते कधी."

वेशीपर्यंत जाऊन जालू परत आला. घरात न जाता माझ्या दुकानाच्या पायरीवर, तात्यांच्या मागे उभा राहिला. तोही आरशात बघत होता आणि तात्याही. बापलेक समोरासमोर कधी एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, पण आरशात बघत होते. मुलगी पट्ट्यातून तिरकी होऊन तात्यांच्या पांढऱ्या टोपीकडे हात टाकत होती.

"जालू," तात्या मान न वळवता म्हणाले, "जरा जवळ सरक. तिचा हात पुरंना."

जालू सरकला. इतका, की त्याचा गुडघा तात्यांच्या पाठीला टेकला. मुलीने टोपी धरली आणि ओढली. ती पट्ट्यात नीट बसलेली होती, त्यामुळे जालूचे दोन्ही हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे थोडा वेळ त्याला समजेना. मग त्याने ते हळूच तात्यांच्या खांद्यांवर ठेवले, आणि तात्यांनी ते तसेच राहू दिले.