एकदाच विचारणारा दिगू

मला मधुमेह होऊन तीन वर्षं झाली, तरी शेजारच्या दिगूच्या घरचा चहा पाकासारखा गोडच असायचा. फार पूर्वी त्याने "मास्तरांनू, साखर किती?" असं विचारलं होतं आणि मी "दोन चमचे" म्हटलं होतं. विषय संपला. हरकत घेतली तर म्हणायचा, "एकदा इचारलंय मा? परत परत कित्याक इचारूचा?"

मुंबईची नोकरी तो मालवणात घेऊन आला होता. इंटरनेट फोनच्या तारेवरून कुरकुरत यायचं आणि त्यावर हा घरबसल्या प्रोग्रॅम लिहायचा. संगणकातल्या यंत्रांचा वेग कामाच्या भाराप्रमाणे वर-खाली करायचा, असलं काहीतरी. "यंत्राक दर खेपेक 'तुझो वेग किती?' इचारत बसलंय, तर त्यातच येळ जाता. म्हणान नेहमी लागणारा उत्तर जवळ ठेवचा. ह्येका संगणकात कॅश म्हणतत."

हे खूळ त्याने घरभर पसरवलं. मासेवालीला एकदा बांगडे सांगितले, ते कायमचेच. ती बिचारी ओरडायची, "मेल्या, आज सुरमई बरी आसा!" हा आतूनच, "ठरलला आसा!"

त्याचे वडील तात्या. जन्म होडीवर गेलेला. दिगूची आई वारली त्या आठवड्यात दिगूने विचारलं, "बाबानू, दर्यार फिराक येतास?" तात्या म्हणाले, "नको. तू जा." दिगूने तेही उत्तर ठेवून दिलं आणि रोज संध्याकाळी पाचला एकटाच जाऊ लागला.

आमच्या पडवीतून मला सगळं दिसायचं. पाचच्या आत तात्या धुतलेला शर्ट घालून, केस चोपून ओट्यावर बसलेले असत. दिगू चपला घालून समोरून निघून जाई. मग तात्या आत जाऊन शर्ट खुंटीला लावत. चार वर्षं मी हे पाहिलं. बापलेकांच्या मध्ये आपण कशाला तोंड घाला, म्हणून गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

तात्या गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी दिगूला ते शर्टाचं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "काय बदलला की ठेवलला उत्तर टाकून देवचा, नव्यान इचारूचा. ह्यो पयलो नियम. कामात मी कधी चुकूक नाय, मास्तरांनू."

मग त्याने विचारलं, "खंयचो शर्ट?"

"निळ्या रेघांचो."

"तो मीच आणललंय, मुंबयसून," दिगू म्हणाला. "आवडलो काय, ता एकदा पण इचारूक नाय."