नावडेकर भागीरथीबाईंनी सात बाटल्या सर केल्या, त्याची हकीकत

ज्यांस लग्नकार्य करणे आहे, ज्यांनी केले आहे आणि ज्यांनी एकदा करोन पुन्हा नाव काढिले नाही, त्या समस्त थोरामोठ्यांस विदित व्हावे कीं, शके एकोणीसशें सहा, रक्ताक्षी नाम संवत्सरे, वैशाखमासीं, पनवेल परगण्यातील मौजे नावडे येथे बाका प्रसंग गुदरला, आणि तो एका बाईने केवळ नाकाच्या बळावर निभाविला, त्याची हकीकत येथे लिहिली आहे. ऐकिले ते ऐकिले म्हणोन, देखिले ते देखिले म्हणोन; तिखटमीठ लागले तितकेच घातले आहे.

ते समयीं मुलुखाची स्थिती ऐसी कीं, सिडको सरकारचा अंमल खाडीपासोन डोंगरापावेतो बसला होता, आणि भाताची खाचरे जाऊन त्या जागी सेक्टर म्हणोन नवे महाल उभे राहात होते, आणि तळोजियाकडे कारखान्यांची धुरांडी रात्रंदिवस हुक्का ओढीत होती. त्यापैकी एका कारखान्यात भागीरथीबाईंचे एकुलते चिरंजीव राजश्री दिलीपराव स्टोअरचे कारकून होते. त्याच कारखान्यात वसईकर बस्त्याव डाबरे यांची कन्या कार्मेलिन टाइपिंगचे दौलतीवर तैनात होती. दिलीपराव टाइप करावयाचे कागद घेऊन गेले आणि कागद तेथे ठेवून परत यावयाचे, ते मन ठेवून परत आले. मग दोन वर्षे रुसवेफुगवे, धमक्या, मनधरण्या ऐसे होऊन अखेर उभय पक्षीं तह ठरला.

तहाची कलमे येणेप्रमाणे. हुंडा नाही. लग्न रजिस्टर पद्धतीने पनवेलीस. जेवण नावडे मुक्कामी मांडवात, मुलाकडील खर्चाने. बस्त्याव भले गृहस्थ, त्यांनी मानपान, कापडचोपड सर्व माफ केले, आणि मग शेवटले कलम काढिले. आमचेकडील चाळीस माणूस येईल, त्यांस एकेक प्याला वाईन द्यावी, उंची नसली तरी चालेल. मुलीची आजी नातालबाय उभी राहून वधूवरांचे नावे प्याला उचलील आणि विहीणबाईंनी तिचे शेजारी प्याला घेऊन उभे राहावे. म्हातारीने प्याला उचलिल्याविना आमचे घरचे लग्न पुरे जाहले ऐसे कोणी मानीत नाही, म्हणोन.

हे ऐकोन नावडेकरांची अवघी मसलत भागीरथीबाईंकडे पाहू लागली.

कारण ऐसे कीं, बाईंचे यजमान कैलासवासी सिताराम यांनी चौदा वर्षे दारूची चाकरी इमानेइतबारे केली, आणि त्या चाकरीतच शके अठराशें पंच्याण्णवात देह ठेविला. तेराव्याचे पान वाढोन होताच बाईंनी मुसळ उचलिले, गावामागील झाडीत गेल्या, आणि तेथे भट्टीची नऊ मडकी होती ती नऊही फोडिली. भट्टीवाला काठी घेऊन आला, तो मुसळ पाहोन परत गेला. तेव्हांपासोन अकरा वर्षे त्या घरात दारूचा थेंब नाही. भाऊबंदांचे हळदीस बाई जात, नवरदेवास हळद लावीत, आणि पेले फिरू लागले कीं पान न घेता दारातून परत फिरत. हे सर्व जाणीत, आणि कोणी आग्रह करीत नसे.

दिलीपराव त्या दिवशी आईजवळ बसले आणि म्हणाले, “आये, टेन्शन नको घेऊ. मी सांगतो त्यांना, नाय जमत म्हणून. एक प्याला नाय उचलला तर काय आभाळ पडत नाय.”

परंतु सूर तो होता, जो नऊ वर्षांचे असता काढीत. बाप रिकाम्या हाताने घरी आला कीं हे पोर आपण होऊन “मना भूक नाय” म्हणे, तो सूर. बाईंनी तो ओळखिला, पदर खोचिला आणि फर्मान सोडिले कीं, वाईन येईल, परंतु कनची यायची ते मी ठरवीन. माझ्या घरात यायची ती मी बघून, माझ्या हाताने यायची.

आता वाईन म्हणजे काय हे नावडे गावात कोणासच ठाऊक नव्हते. तेव्हां बाईंचे धाकटे दीर गोटीराम पुढे सरसावले. हे दारूचे कामीं पंचक्रोशीत मातबर. डोळे मिटोन एक घोट घेतला कीं गूळ कोठला, नवसागर किती, धार पहिली कीं तिसरी, सर्व सांगत. अलीकडे सोडिली होती, म्हणजे नावडेचे हद्दीत सोडिली होती. त्यांनी छातीस हात लाविला आणि वदले, “वयनी, तू चिंता करू नको. मी हाय ना. मना कोन फसवील?” त्यावर त्यांचे कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, “तुमाला फसवायला लोक कशाला, बाटलीच पुरे.” आणि त्या स्वतः मोहिमेबरोबर निघाल्या.

मग शुक्रवारी तिन्ही सरदार यष्टीने कूच करोन पनवेलचे पेठेत दाखल जाहले. वाईनचे दुकान चार पायऱ्या उंचावर होते. भागीरथीबाई समोरील कासाराचे ओट्याशी उभ्या राहिल्या आणि गोटीरामांस वर पाठविले. दुकानदार म्हणाला, परवाना लागेल, एक दिवसाचा आहे तो येथेच मिळतो, नाव सांगा. तो गोटीरामांनी मागे पाहिले, सगुणाबाई डोळे वटारोन उभ्या, तेव्हां त्यांचे ओठ शिवले गेले. आपले नाव द्यावे, तर तें लिहावयाचे आधीच दुकानदारास पाठ आहे हे उघड होईल ऐसा पेच. दुकानदार तर हसोन “लिहू का नेहमीचं?” म्हणतो आहे.

तेव्हां भागीरथीबाईंनी रस्ता ओलांडिला. चार पायऱ्या चढल्या. “लिहा,” म्हणाल्या, “भागीरथी सिताराम, राहणार नावडे.” ज्या बाईने नऊ मडकी फोडिली तिचे नावे सरकारी शिक्क्याचा परवाना निघाला, आणि तिने तो चौघडी करोन चोळीत ठेविला. मग गोटीराम यांनी नमुन्यादाखल तीन बाटल्या उचलिल्या, तीन तऱ्हांच्या: एक तांबडी आंबट, एक पिवळसर, आणि एक जांभळट गोड, जी सर्वांत स्वस्त म्हणोन खालच्या फळीवर धूळ खात होती.

शनिवारी दोन प्रहरीं घरचे ओटीवर परीक्षा बैसली. गोटीराम यांनी तीन बशा मांडिल्या, प्रत्येकीत चार थेंब ओतिले, आणि खिशातून काडेपेटी काढिली. आमचे मुलुखी हीच रीत आहे. पहिल्या धारेची असली कीं काडी लावितांच निळी ज्योत धरिते, आणि पाणी घातले असले कीं विझते. यापरते प्रमाण नाही. त्यांनी तांबडीस काडी लाविली, विझली. पिवळीस लाविली, विझली. जांभळीस तीन काड्या लाविल्या, तीनही फुस्स करोन बुडाल्या. मग ते ताडकन उठले.

“पानी हाय!” म्हणाले. “तिन्ही पानी! रंग टाकलाय नुसता! वयनी, तुज्या नावाच्या परवान्यावर पानी इकलं त्या हरामखोरानं!”

आणि रागे भरोन, तीन बाटल्या बगलेत आणि जळक्या काड्या कागदाच्या पुडीत पुराव्यादाखल घेऊन, एकटेच पनवेलीवर चालोन गेले. पेठेत मोठे रण माजले. गिऱ्हाईक जमले, गोटीराम काड्या दाखवीत, दुकानदार कपाळास हात लावी. अखेर तो बोलिला, “काका, ही पेटवायची नसते. प्यायची असते. द्राक्षाची आहे, हळू असते. फोडलेली बाटली परत घेत नाही.” हे सारे पेठेने ऐकिले आणि सारी पेठ हसली. चाळीस वर्षे जो लौकिक मिळविला तो एका दुपारी बुडाला. गोटीराम परत आले ते मान खाली घालोन, बाटल्या उंबऱ्याजवळ ठेविल्या, आणि त्या रात्री जेवले नाहीत. सगुणाबाई आधी हसल्या, मग त्यांचे ताट झाकोन ठेविले.

येणेकरोन मोहीम शिकस्त खाऊन बसली. लग्न पांच दिवसांवर, निवडणारा नामोहरम, दुसरा जाणता गावात नाही. दिलीपरावांनी पुन्हा तोच सूर काढिला कीं, आये, राहू दे.

रविवारी भागीरथीबाईंनी सगुणाबाईंस बोलाविले आणि सांगितले, दार ओढून घे आणि बशा मांड. सगुणाबाई म्हणाल्या, “जाऊबाय, चाखनार हायेस?” बाई म्हणाल्या, “नाय. हुंगनार हाय.”

मग त्यांनी तांबडीची बशी उचलिली आणि नाकाजवळ नेली. नेली आणि तैसीच खाली ठेविली, आणि हात पदरास पुसला. पिवळीची उचलिली. तिचा वास घेतला, आणि उठोन मागीलदारीं गेल्या, आणि बराच वेळ आंब्याखाली उभ्या राहिल्या. सगुणाबाई मागोमाग गेल्या नाहीत. त्यांस त्या चौदा वर्षांतील पुष्कळ रात्रीं भिंतीपलीकडून ऐकू आले होते. त्यांनी बशी उचलिली आणि मोरीत ओतिली.

मग बाई परत आल्या आणि जांभळीची बशी हाती घेतली. एकदा हुंगिली. पुन्हा हुंगिली. मग म्हणाल्या, “करवंदं नासल्यावानी हाय. हीत तो वास नाय.”

सगुणाबाईंनी विचारिले नाही कीं कोणता वास. फक्त म्हणाल्या, “मग हीच.” आणि उरलेल्या दोन बाटल्या आंब्याचे मुळीं रिकाम्या जाहल्या, तेथे गोटीराम यांनी काहीं काळ टोपी काढोन उभे राहाणे पसंत केले. त्याउपरी दिलीपराव पनवेलीस जाऊन जांभळीच्या आणखी सहा बाटल्या घेऊन आले, पहिली धरोन सात जाहल्या. सर्वांत स्वस्त ती पसंत पडली म्हणोन दुकानदार चकित जाहला. इतकी स्वस्त आवडीने मागणारे गिऱ्हाईक त्यास पूर्वी मिळाले नव्हते.

गुरुवारी लग्न जाहले. वसईकर चाळीस माणूस टेम्पो व मोटारी करोन दाखल जाहले. मांडव भरला, मटणाचा वास डोंगरापावेतो गेला, आणि मग बैठकीतून काचेचे भाड्याचे प्याले फिरले. वसईकर या कामीं जाणते. पहिल्याने बस्त्याव यांचे भावांनी प्याला हुंगिला, एकमेकांकडे पाहिले, आणि एकजण हळूच बोलिला, “आरे, ही तर आपण केकात घालतो!” हसू एका पंगतीतून दुसरीत गेले. कार्मेलिनची मान खाली गेली. दिलीपरावांचे कान तांबडे जाहले, आणि नावडेकर काही न समजोन, परंतु आपणास हसतात इतके समजोन, खुर्च्या मागे सारू लागले. गोटीराम यांनी बाह्या वर केल्या. लग्न येथे मोडते कीं काय ऐसी वेळ आली.

तेव्हां नातालबाय उभी राहिली. वय ऐंशीस टेकलेले, लाल लुगडे, हाती प्याला. तिने एक घोट घेतला, तोंडात घोळविला, आणि शेजारी उभ्या भागीरथीबाईंस विचारिले, “कोणी निवडली गो ही?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“चाखून?”

“नाय. वासावर.”

“वासावर?” म्हातारीने प्याल्यात पाहिले. “हिला कसला गो वास?”

मांडवात सगळे ऐकत होते. भागीरथीबाईंनी पाहिले कीं लेकाची मान खाली आहे आणि सुनेचीही खाली आहे. मग त्या बोलिल्या, फार मोठ्याने नव्हे, “तीन बाटल्या हुंगल्या. दोघींत माज्या मालकाचा वास हुता. हिच्यात नव्हता. म्हणून ही आनली.”

ऐसे म्हणतात कीं, त्या वेळी आचाऱ्याचे हातचा झारा देखील थांबला.

 नातालबायने प्याला तोंडास लाविला आणि तळ दिसेतोवर खाली केला नाही. मग बस्त्यावकडे प्याला पुढे केला आणि हुकूम सोडिला कीं, भर. आणि आमचेकडील जो आज तोंड वाकडे करील, त्याने पुढील नाताळास माझे हातचा केक मागू नये. तेव्हां चाळीस माणूस उभे राहिले, चाळीस प्याले वर गेले आणि चाळीसही रिते जाहले. हसणारा भाऊ सर्वांआधी प्यायला, आणि गोड आहे म्हणाला.

मग म्हातारीने भागीरथीबाईंचे हातातील प्याल्यास आपला प्याला हळू टेकविला आणि म्हणाली, “तू नको घेऊ गो. तू नुसती धर.”

बाईंनी प्याला नाकाशी नेला. थोडा वेळ तेथेच ठेविला. मग ओठास लाविला, जिभेस लागेल इतका, आणि खाली ठेविला. “करवंदंच हायेत,” म्हणाल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सात बाटल्या रित्या पडल्या. सहा सगुणाबाईंनी धुवोन रॉकेलास घेतल्या, एक भागीरथीबाईंनी खोबरेलास ठेविली. परवाना कैलासवासी यजमानांचे तसबिरीमागे खोवला आहे. दप्तरीं नोंद ऐसी कीं, त्या दिवशी त्या घरात अकरा वर्षांनी प्याला उचलिला गेला, आणि कोणी कोणावर हात टाकिला नाही, कोणी भांडे फेकिले नाही, कोणी पोर उपाशी निजले नाही. रडला तो एकटा गोटीराम, परंतु तो दुसरा प्याला न मिळाल्याकारणे, सबब तें रडणे हिशेबी धरिले नाही.