बसायचा राहिलेला वर्ग

कोरेवस्तीच्या शाळेतला चौथीचा वर्ग श्रावणापासून उभाच होता. गटशिक्षणाधिकारी मुळीक साहेब तपासणीला आले, मुलं रीतीप्रमाणे उठली, तेवढ्यात साहेबांना जिल्ह्याहून फोन आला आणि ते 'बसा' न म्हणताच जीपमध्ये चढले. पुढं ते निवृत्तही झाले. मुलं उभ्यानं लिहीत, घरी उभ्यानं जेवत, भिंतीला टेकून झोपत. आयांनी भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. तक्रार कुणाचीच नव्हती. साहेबापुढं उठलेलं पोर आपल्या मनानं बसलं, तर शिस्त ती काय राहिली!

दिवाळीनंतर नव्या गटशिक्षणाधिकारी आल्या, वैजयंता शेटे. बाईंचा हुकमावर विश्वास नव्हता. अधिकाऱ्यानं दुधातल्या साखरेसारखं विरघळून जावं, असं त्या प्रत्येक बैठकीत सांगत. मुख्याध्यापक मंडळी माना डोलावत आणि शाळेत परतून छडी शोधत.

वर्गात येताच त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "बसा रे बाळांनो."

कुणी हललं नाही.

"ती तुमच्यापुढं नाय उठली, मॅडम," मुख्याध्यापक टोणपे गुरुजी अदबीनं म्हणाले. "साहेबांपुढं उठल्यात."

पुढच्या रांगेतल्या आरोहीचे पाय टम्म सुजले होते. तिनं विचारलं, "बाई, गुडघं वाकायचं इसरत्यात का वो?"

बाईंनी तिथूनच मुळीक साहेबांना फोन लावला.

"मी बसा म्हणून उपयोग नाही, मी आता साधा माणूस," साहेब म्हणाले. "मुलं उठतात ती दराऱ्यापुढं. पदभार देताना किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, दरारा तेवढा द्यायचा राहिला बघा. इथंच पडून आहे. नातवंडं जवळ येत नाहीत. घेता का?"

"मला नको तो."

"मग राहू देत उभी."

बाईंनी आरोहीच्या पायांकडं पाहिलं. "द्या," त्या म्हणाल्या.

पलीकडं साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांच्या अगदी जवळ एक लहान मूल खुदकन हसलं.

बाई सतरंजीवरून उठल्या. "बसा," त्या म्हणाल्या. असला आवाज त्यांनी जन्मात काढला नव्हता. अख्खा वर्ग एकदम खाली बसला, गुडघे कडाकडा वाजले. टोणपे गुरुजी बसले, बाहेर खिचडी ढवळणाऱ्या मावशीही बसल्या. आरोहीला आनंदानं रडू फुटलं. बाईंनी कौतुकानं तिच्याकडं पाहिलं, तशी ती गप्प झाली.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या. त्यांची लेक मुक्ता फरशीवर चित्र रंगवत होती. रोज धावत येऊन कमरेला मिठी मारणारी मुक्ता उठली आणि हात खाली सोडून ताठ उभी राहिली.

"अगं, मी आहे. बस ना," बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. मुक्ता समोर बघत राहिली.

तो दुसरा आवाज घशाशी येऊन थांबला होता. बाईंना त्याची भीती वाटली. एकदा इथं वापरला की तो घरचाच होऊन बसणार. त्यांनी तो आवाज गिळला आणि ताटं ओट्यावरच वाढली. मायलेकी उभ्यानंच जेवल्या.